रेषेबाहेरचा तांबडा

नाही मामा, असं नाही चालत — ती बकेट आधी खाली ठेवा. खाली. हौ, तिथंच, पायरीपाशी. कुंचलाही ठेवा. मी काही तुमच्या हातातून हिसकावून घेणार नाही, पण दोन मिनिटं ऐकून घ्या, मग काय करायचं ते करा. आणि एक सांगून ठेवते, हा ऑइलपेंट आहे, ह्याच्यावर चुना धरत नाही. आज माराल, चार दिवसांत पापुद्रे सुटतील आणि खालून परत हीच पोरं बाहेर बघायला लागतील. काय? मीठ घातलंय? फेविकॉल पण? बघा, म्हणजे विचार करून आलात. ह्या गावात नवीन काही करायचं म्हटलं की कुणाला काही सुचत नाही, आणि पुसायचं म्हटलं की मीठ, फेविकॉल, सगळं बरोबर आठवतं.

योगीराज सरांनीच पाठवलं ना? रविवार बघून? स्वतः गेले परभणीला लग्नाला, आणि इकडं बकेट. मला एक फोन करायचा की — राजनंदिनी, गावातली माणसं ओरडायलीत, शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मला तुझी भिंत ठेवता येत नाही. एवढंच वाक्य. मी ऐकून घेतलं असतं. म्हणजे भांडले असते, पण ऐकून घेतलं असतं. तुमचा काय दोष, मुंजाजीमामा? तुमची टोळी उद्या सकाळी ऊस तोडायला निघणार, घरी सगळा पसारा बांधायचा असंल, कोयत्यांना धार लावायची असंल, आणि सरांनी सांगितलं म्हणून तुमी ते सोडून आलात. नाही, थांबा, तुमचं नंतर, आधी माझं होऊ द्या. माझं एकदा मधूनच तुटलं की मला परत जोडता येत नाही. बसा. बसा ओ, पायरी धुतलेली आहे, मीच धुतली सकाळी.

का धुतली? कारण उद्या दुपारी पुण्याहून दोन माणसं ही भिंत बघायला यायलीत. एक संस्था आहे, दरवर्षी आमच्यासारख्या पाच जणांना निवडते आणि वर्षभर काम करू देते — आपलं काम, आपल्या मनातलं, गणपतीच्या मंडपाचं नाही, दुकानाच्या पाटीचं नाही. तीनशे जणांनी अर्ज केला होता. त्यातले बारा उरले, त्यांचं काम बघत ते गावोगाव फिरायलेत. बारातली एक मी, आणि माझं काम म्हणजे ही भिंत. आता तुमीच सांगा, त्यांना काय दाखवू? पांढरी भिंत दाखवू? म्हणू की साहेब, काल इथं चित्र होतं, मीठ घातलेल्या चुन्याखाली आहे, जरा नजर लावून बघा?

ह्या भिंतीवर आधी काय होतं, आठवतं का तुमाला? अननस. अ अननसाचा. ह्या शाळेतल्या एका तरी पोरानं अननस खाल्लाय का? ताडकळसच्या बाजारात कुणी बघितलाय का? आणि त्या टोकाला क्ष क्षत्रियाचा — त्या क्षत्रियाला मिशा होत्या आणि हरणासारखे पाय होते. पोरं त्याला हरीणमामा म्हणायची, सरांनीच सांगितलं मला. तो हरीणमामा वीस वर्षं उभा होता इथं तलवार घेऊन, एका माणसानं कधी तक्रार केली नाही. त्याच्या अंगावर कुणी चुना घेऊन आलं नाही. आणि मी तुमचीच पोरं काढली, तुमच्या घरातली, तर पंधरा दिवसांत बकेट!

मला माहीत आहे लोक काय म्हणायलेत. कमलबाई परवा बसस्टँडवर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "बाईनं लेकरांचा जीव कातड्याच्या बाहेर काढून ठिवलाय, असं वंगाळ भितीवर काढू नाई." आणि तो चहावाला गोपाळ — त्याला तर काही काम नाही — "म्याडमला चष्मा लागलाय, रंग भरताना रेघ दिसली न्हाई." सगळे हसले. मी पण हसले. काय करणार? चार वर्षं संभाजीनगरला राहून चित्रकला शिकले, आणि गोपाळच्या टपरीवर उभी राहून समजावून सांगू का, की बाबा, रंग चुकून बाहेर गेला नाही, मी तो बाहेर काढलाय?

हसू नका. तुमाला तरी समजावून सांगते. हे बघा — काळी रेष आहे ना, ती पोराची. डोकं, खांदे, हात, पाय, सगळं जागच्या जागी. आणि हा तांबडा, हा त्याच्या अंगाचा रंग, हा एक वीत उजवीकडं सरकलाय. रेष इथं, रंग तिथं. का? दिवाळी झाली की ह्या शाळेतली चौदा पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, ती शिमग्यालाच परत येतात. तोपर्यंत हजेरीपटावर त्यांचं नाव असतं, पोरगं नसतं. नाव इथं, पोरगं फडात. म्हणून रेष इथं आणि रंग बाहेर. कळलं ना आता? इतकं सोपं आहे. पुण्याच्या माणसांना अर्जातल्या चार ओळींत कळलं, आणि ज्यांच्यासाठी काढलं त्यांना — तुमी सारखं तिकडं काय बघायलात? त्या टोकाकडच्या पोरीकडं? ती पण तशीच आहे, सगळी तशीच आहेत.

मला ही कल्पना कुठून आली सांगू? सांगतेच. मी झरीची. दुसरीत होते, तेव्हा आमच्या शाळेत एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात गोष्टींची पुस्तकं, आणि त्यातलं एक कव्हर फाटलेलं. त्याचं नाव काय, कुणी लिहिलं, काही माहीत नव्हतं. सोळा पानं. एका पोरीची शेळी हरवते आणि ती सगळ्या गावातून तिला हाका मारत पळते, एवढीच गोष्ट. पण चित्रं! दोनच रंगांची — काळा आणि तांबडा. काळ्या रेषेतली पोरगी पुढं पळायली आणि तिचा तांबडा परकर तिच्या मागं, रेषेच्या बाहेर, नुसता एकटा. पोरगी कुठं, परकर कुठं! मी ते पान किती वेळा बघितलं असंल! मला वाटायचं, ती इतक्या जोरात पळायली, इतक्या जोरात, की रंग मागं राहिला. आता येईल, धापा टाकत येईल आणि तिला गाठंल. आमच्या बाई आमाला काय शिकवायच्या? रेषेच्या बाहेर रंग गेला की पट्टी. आणि ह्या माणसानं रंग खुशाल बाहेर सोडून दिलेला, आणि ते छापलेलं, पुस्तकात! ते पुस्तक मी चोरलं. हौ, चोरलं. अजून आहे माझ्यापाशी. एका पानावर शेळीच्या खुरापाशी, मुंगीएवढ्या अक्षरात चित्रकारानं सही केली होती — नागनाथ. बस. आडनाव नाही, गाव नाही. तुमच्याकडं देव्हाऱ्यात असतात ना टाक, तसा तो नागनाथ माझ्या दप्तरात होता.

मग मी तेच केलं. दहावीत केलं, कॉलेजात केलं. सगळी पोरं प्लास्टरच्या डोक्याच्या सावल्या काढत बसायची आणि मी रंग सरकवायची. दुसऱ्या वर्षाला आमचे सर म्हणाले, "हिच्याकडं शैली आहे, बाकीच्यांकडं नुसता हात आहे." शैली म्हणजे — कसं सांगू — म्हणजे लांबून बघून कळावं की हे हिचंच. सरांनी विचारलं, कुठून आलं गं हे? मी म्हटलं, आतून. खोटं बोलले. पण पुण्याच्या अर्जात मी खरं लिहिलं हं, नागनाथांचं नाव लिहिलं. लिहिलं की ह्या अज्ञात चित्रकारानं रंगाला रेषेच्या तुरुंगातून सोडवलं. त्यांना ते वाक्य लय आवडलं. फोनवर वाचून दाखवलं त्यांनी मला माझंच वाक्य.

सोडवलं म्हणे.

नाही, काही नाही. सांगायचं नव्हतं मला हे. बरं, ऐका, तुमी उद्या चाललात, तुमी कुणाला सांगणार. मागच्या मंगळवारी मी त्याला भेटले. नागनाथला. मानवतला राहतो, पुतण्याकडं, चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. मी त्याला चार वर्षं शोधायलेय, आणि तो एका तासावर! मला वाटलं होतं मेला असंल. मनातून मेलाच असावा असंही वाटत होतं, कुणी आपल्याला येऊन काही विचारत नाही मग. दिवाळीचा फराळ घेऊन गेले, पुस्तक घेऊन गेले, पाया पडले. म्हटलं, आजोबा, तुमी हा रंग बाहेर काढलात ना, त्यानं माझं आयुष्य बदललं. त्यांनी पुस्तक डोळ्याजवळ नेलं, बघितलं, आणि मिटवून परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ही प्रत फेकून दे, बाई. ही मशीनीनं नासवलेली हाय."

मशीनची खुंटी मोडलेली होती, मामा. बास. एवढंच. त्या वेळी छापखान्यात आधी सगळ्या कागदांवर काळी रेष छापायची, मग तेच कागद तांबड्यासाठी दुसऱ्यांदा मशीनमधून काढायचे. कागद बरोबर जागेवर बसावा म्हणून एक खुंटी असते. ती मोडलेली, आणि मालक बदलंना. म्हणायचा, लेकरांच्या पुस्तकाला कोण बघतंय. म्हणून कागद सरकायचा आणि रंग रेषेच्या बाहेर पडायचा. झालं. ही नागनाथची शैली. म्हातारा सांगत होता आणि अजून चिडत होता, इतकी वर्षं झाली तरी! म्हणाला, मी मालकाच्या पाया पडलो, मी स्वतः लाकडाची खुंटी तासून नेली, ती पण दोन दिवसांत तुटली. मग मी चित्रातला तांबडा मुद्दाम आधीच डावीकडं सरकवून दिला, म्हटलं सरकून सरकून बरोबर जागेवर येईल, तर नेमकं त्या दिवशी मशीन नीट चाललं! त्यांना स्वतःलाच हसू आलं सांगताना. मला नाही आलं. मग आत गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले, त्याच पुस्तकाच्या त्यांच्या घरच्या प्रती. प्रत्येक प्रतीत, प्रत्येक पानावर, जिथं पांढरं राहिलं होतं तिथं त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं भरून घेतलं होतं. हातानं. आणि बाहेर गेलेला रंग ब्लेडनं खरवडून काढलेला. सोळा पानं, तीस-पस्तीस प्रती. म्हणाले, "छापखान्यातल्या दुरुस्त करता आल्या न्हाईत. घरातल्या तरी केल्या."

आणि मी त्याला सांगायला गेले होते की तुमी रंगाला सोडवलं.

आता मला सांगा, चूक असली म्हणून काय झालं? मी काय पेन्सिल घेऊन बसू? मला सातव्या वर्षी जे दिसलं ते दिसलंच ना? खुंटी मोडलेली असू दे, मालक कंजूष असू दे, ती पोरगी माझ्यासाठी पळतच होती! मी येताना बसमध्ये हेच म्हणत होते, मानवतच्या फाट्यापासून परभणीपर्यंत. जोरात म्हणत असंन, कारण शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. पुण्याच्या माणसांना सांगायचं का? सांगितलं तर हसतील. नाही सांगितलं तर — नाही सांगणार. उद्या दुपारपर्यंत नाही सांगणार. ते राहू द्या. ते काही मला लागलं नाही. खुंटीचं मला लागलं नाही, मी ते सहन केलं असतं, लागलं ते दुसरंच. मी त्यांना मोबाइलवर ह्या भिंतीचे फोटो दाखवले. म्हटलं बघा, तुमच्यामुळं हे झालं. त्यांनी रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. बोटानं चित्र मोठं करायला लावलं, चेहऱ्याजवळ नेलं आणि म्हणाले, "अगं, ही तर कोकिळा हाय." म्हटलं, कोण कोकिळा? म्हणाले, "आमच्या गल्लीतली पोर. तिलाच बसवायचो समोर. घडीभर गप बसायची न्हाई, मूठभर शेंगदाणे हातावर ठेवले की तेवढ्यापुरती बसायची. आता तिला नातवंडं झाली. हिचं हे नकटं नाक, ही हनुवटी — ही पण कोकिळा, ही पण कोकिळा, आन ह्या पोराचे केस कापले तरी ही कोकिळाच." चौदाच्या चौदा कोकिळा. पोरींना वेण्या घातल्या, पोरांचे केस कापले, तोंड एकच. मला कळलंच नव्हतं, मामा, खरंच. हात आपोआप तेच काढत गेला. आणि मग त्यांनी विचारलं, साधंच विचारलं, रागानं नाही, "तुझ्यापुढं कोण बसलं व्हतं?" मी उठले. फराळाचा डबा पण तिथंच राहिला माझा.

हे मी तुमाला का सांगितलं? तुमी असे गप बसता ना, त्यामुळं. कुणी मधे बोललं असतं तर मी गप झाले असते. जाऊ द्या. माझं म्हणणं एवढंच, की उद्या दुपारपर्यंत भिंत राहू द्या. सरांना सांगा, बाई हटून बसली, ऐकंना. सगळा दोष माझ्यावर घाला. उद्या संध्याकाळी मी स्वतः —

काय? सरांनी नाही पाठवलं?

मग कुणी? ... स्वतः? चुना स्वतः आणलात? म्हणजे इतका वेळ मी — मग मघाशीच बोलायचं ना! हौ, मी बोलू दिलं नाही, बरोबर. बोला आता. बोला ना, मी काही म्हणत नाही. सगळी भिंत नाही? मग? एकटी भक्तीच पुसायची? ती टोकाकडून तिसरी? का, तिनं काय केलं? बाकीची राहू द्यायची आणि तुमच्याच पोरीला — थांबा, सावकाश सांगा. भक्ती ह्या वर्षी तुमच्याबरोबर यायली नाही? मालनबाईपाशी, तिच्या आजीपाशी राहणार. सातवीला आहे म्हणून. चांगलं केलं, लय चांगलं केलं मामा, पण हे मला कुणी सांगितलंच नाही, माझ्याकडं सरांनी दिलेली यादी होती, यादीत चौदा नावं होती. बरं. मग? पहिल्यांदाच ठेवून चाललात. हौ. तिची आई, सुमनमावशी, रडायलीत तीन दिवस. हौ. मग तुमी काल इथं आलात. मोबाइल घेऊन. कशाला? फोटो काढायला. भितीवरच्या भक्तीचा. घरच्या भक्तीचा आहे की मोबाइलमध्ये — आहे, पण भितीवर कुणी आपलं चित्र काढलंय म्हणून. टोळीतल्या लोकांना दाखवायला, की आमच्या पोरीचं चित्र शाळेच्या भितीवर आहे.

मग?

सापडली नाही.

म्हणजे — तुमाला तुमची पोरगी सापडली नाही. चौदांतली कोणती ते कळलं नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलात. आणि खाली नावं नाहीत, कारण मी सरांना म्हटलं होतं की नाव लिहिलं की चित्र मरतं. म्हणून गोपाळला विचारलंत. गोपाळला! सगळं गाव सोडून तुमी गोपाळला विचारलंत? काय म्हणाला तो? "मुंजाजी, सोताची पोरगी वळखंना व्हय तुला, आजून तर गावातच हाईस." आणि टपरीवरचे सगळे — हौ. हसले असतील. त्यांना माझ्यावर हसायचं संपलं, मग तुमच्यावर. आणि ही टोकाकडून तिसरी कुणी सांगितली? सरांनी. सरांनी यादी बघून सांगितलं. यादीत तिसरं नाव, म्हणून तिसरं चित्र. नाहीतर सरांना तरी कुठून कळणार, तिथं कोकिळाच उभी आहे.

बघू नका माझ्याकडं असं. शिव्या द्या त्यापेक्षा. मी इथं अर्धा तास तुमाला रंग आणि रेष समजावून सांगायलेय, आणि तुमी ऐकून घ्यायलात. कमलबाई म्हणतात तसा जीव कातड्याबाहेर काढला असता, तर निदान त्या पोरांचा काढला असता. मी तर त्यांचं काहीच काढलं नाही. मानवतच्या एका म्हातारीचं लहानपण काढून तुमच्या शाळेच्या भिंतीला चिकटवलं. आणि अर्जात लिहिलं, स्थलांतरित बालकांची चित्रं.

काय म्हणालात? ती आली होती? भक्ती? कधी, दिवाळीच्या सुट्टीत? मी इथं रंगवत असताना? हापशापाशी उभी राहायची... निळा फ्रॉक. तीन दिवस आली. हौ, एक पोरगी यायची. कळशी घेऊन यायची आणि कळशी भरली तरी जायची नाही. मी तिला — मला शांतता लागते ना काम करताना, म्हणून सरांना सांगून मुद्दाम सुट्टीतलेच दिवस घेतले होते. मी तिला हाकललं. ए, सावली पडायली, पळ तिकडं. सावली पण पडत नव्हती तिची, ती हापशाला होती. चौथ्या दिवशी आली नाही. घरी काय सांगितलं तिनं? ... काहीच नाही. नुसतं म्हणाली, बाई माझं चित्र काढायलीय. मालनबाईला म्हणाली. रोज म्हणाली.

नाही, मामा, थांबा. ती बकेट उचलू नका. तुमी पुसायचं नाही, मी पुसते. माझ्यापाशी लवकर वाळणारा पांढरा ऑइलपेंट आहे, त्याच्यावर दुसरं चित्र बसतं, चुन्यावर बसत नाही. हे बघा — हे नाक गेलं. ही हनुवटी गेली. घ्या. पुण्याच्या माणसांना तेरा दिसतील आणि एक पांढरा डाग दिसंल, दिसू द्या. तसं सगळ्याच पुसायला पाहिजेत, पण बाकीच्यांचे आईबाप अजून मोबाइल घेऊन आले नाहीत.

आता बोलू नका. सांगू नका मला ती कशी दिसते. भुवईवर बाभळीचा काटा लागल्याची खूण आहे, एक दात पुढं आहे — हे सांगून काही होत नाही ओ, सांगण्यावरून मला नाही येत. आणि बघून? खरं सांगू का? बघून पण येतं की नाही मला माहीत नाही. पाच वर्षं मी समोरच्या माणसाकडं बघून काढलंच नाही. पहिल्या वर्षाला सगळी वर्गात एकमेकांना बसवून चेहरे काढायची, आणि माझं कधी जुळायचंच नाही, ज्याचा काढायची तो बघून म्हणायचा, हा कोण? दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या सरांनी शैली म्हटलं आणि मी सुटले. रंग सरकवला की कुणी चेहरा बघत नाही, मामा. सगळे म्हणतात, वा, रंग बघा कसा सरकवलाय. पाच वर्षांत कुणी बघितलं नाही. बघितलं ते त्या म्हाताऱ्यानं, आणि तुमी.

आहे का ती घरी? मग पाठवा. आत्ता पाठवा. फ्रॉक बदलू नका, वेणी घालत बसू नका, आहे तशी पाठवा. शेंगदाणे-बिंगदाणे काही नकोत, बसली तर बसंल, नाही बसली तर उभी राहील, मी काही म्हणणार नाही तिला. उन्हं उतरेपर्यंत मला सोडा. त्याच्यानंतर तुमी या, मोबाइल घेऊन या, कुणाला विचारू नका, सरांना नाही, गोपाळला नाही, एकटे या आणि बघा. ओळखू आली तर फोटो काढा. नाही आली तर मला सांगू पण नका, तसेच परत जा.

बकेट? राहू द्या इथंच. जा तुमी. मामा, असं उभं राहून बघू नका ना माझ्याकडं, आधीच मला — जा, म्हणते ना.